गाडी घेताना सीसी नको, वजन बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि. पावसाळा आला की ऑफिसातली पोरं विचारतात, रोज हिंजवडीला जायला आणि रविवारी मुळशी-भोरकडच्या कच्च्या रस्त्यांना चालेल अशी एकच मोटरसायकल कुठली घ्यावी, आणि शोरूमवाले त्यांच्या गळ्यात ४०० सीसीचं धूड मारतात. अहो, रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन ४११ भरते १९९ किलो, चिखलात आडवी झाली की एकट्याला उचलताना घाम फुटतो. हिरोची एक्सपल्स २०० साधारण १६० किलोच्या आत, जमिनीपासून २२० मिमी क्लिअरन्स, पुढचं चाक २१ इंची, त्यामुळे खड्ड्यात न अडकता ते वरून चढून जातं, आणि आपल्या शहरातल्या रस्त्यांना तर हे कच्च्या वाटेच्या ट्रेलपेक्षा जास्त उपयोगी! हायवेला मात्र २०० सीसी लवकर दमते, रोज एक्सप्रेस स्पीडचा बायपास असेल तर वेगळा विचार करा. एक्सपल्सच्या सीटची उंची ८२५ मिमी, म्हणजे बुटक्या माणसाचे सिग्नलला फक्त चवडे टेकतात, तेव्हा शोरूममधे बूट घालून बसून बघा.

तारांची चाकं म्हणजे बहुधा ट्यूब आलीच. गावातल्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची ट्यूब सहसा मिळत नाही, एक जवळ ठेवा, अडल्यावर मागच्या १८ च्या चाकातही ती कोंबता येते. आणि ते मोठ्या गुटक्यांचे टायर रोजच्या वापराला घेऊ नका, ओल्या डांबरावर ब्रेक मारला की घसरतात.

आणि हो, पुण्यातली वेताळ टेकडी हा गाडी चालवायचा ट्रेल नाही, तिथे लोक सकाळी चालायला येतात.

– एक वाचक, कोथरूड, पुणे