बाबा, त्या हॉटेलातली माणसं कुठे गेली ते सांगते

लास वेगास
१० नोव्हेंबर २०२४

ती. आई आणि ती. बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा मिळाला. चकल्यांचा चुरा झाला होता, पण डबा उघडल्याबरोबर घरभर वास सुटला आणि तुमचे जावई उभ्या उभ्याच मूठभर खाऊन कामाला गेले. आई, पुढच्या वर्षी एवढं करत बसू नकोस. तुझे गुडघे आधी.

पत्र लिहायला कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात चिमीने तुम्हाला मोबाइलवर इथलं हॉटेल पडतानाचं दाखवलं. आई, तू घाबरून विचारलंस, "तुझं हॉटेल नाही ना गं ते?" बाबा, तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग इतकंच विचारलंत, "तिथे कामाला होती ती माणसं कुठे गेली?" मी "गेली दुसरीकडे" असं म्हणून विषय संपवला. तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे. गिरणीत राबलेल्या तुम्ही हा प्रश्न विचारलात आणि तुमच्या मुलीने असं उडवून लावलं, हे बरं झालं नाही. म्हणून आज नीट सांगते.

पडलं ते ट्रॉपिकाना. ४ एप्रिल १९५७ ला सुरू झालं आणि यंदा २ एप्रिलला बंद झालं. सदुसष्ट वर्षं पुरी व्हायला दोन दिवस राहिले होते. तिथे आता बेसबॉलचं स्टेडियम होणार आहे. ९ ऑक्टोबरला पहाटे अडीच वाजता दोन्ही टॉवर सुरुंग लावून पाडले. आधी आतषबाजी झाली, आकाशात ड्रोनची चित्रं झाली. आम्ही लांबच्या एका पार्किंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरून बघत होतो. माझ्या शेजारी एक फिलिपिनो बाई उभी होती. बावीस वर्षं तिथल्या खोल्या आवरायची. सगळ्यांचे मोबाइल वर होते, ही नुसती बघत होती. आवाज आला, टॉवर गुडघे मोडावेत तसे खाली बसले, धुळीचा लोट उठला. तिने स्कार्फ नाकाला लावला आणि जिथे आता काहीच नव्हतं तिकडे बोट करून म्हणाली, "माझा अकरावा मजला." पुढे काही बोलली नाही.

आत जुगाराच्या टेबलांवर रंगीत काचेचं मोठं छत होतं. मी एकदाच पाहिलं, नोकरीच्या पहिल्या वर्षी. खाली पत्ते वाटणाऱ्या मुलींच्या पांढऱ्या बाह्यांवर हिरवा-नारिंगी उजेड पडायचा. तिथेच फोली बर्जेर नावाचा नाच १९५९ पासून २००९ पर्यंत चालला. पन्नास वर्षं एकच खेळ! त्या नाचणाऱ्या बायकांची पोरं इथल्याच शाळांत शिकली, मोठी झाली.

आई, मला माहीत आहे, गावात कोणी विचारलं तर तू "हॉटेलात असते" एवढंच सांगतेस, कसिनोचं नाव काढत नाहीस. मला त्याचा राग नाही. थोरल्या मामाने पगाराच्या दिवशी पाकीट घरी न आणता मटक्याच्या आकड्यावर लावलं होतं, आणि मामी आपल्या दारात येऊन बसली होती, ते मला अजून आठवतं. गिरणगावात ओपन-क्लोजने किती घरं धुतली गेली ते तू डोळ्यांनी पाहिलंस. आणि तो आकडा सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावावर लागायचा, हे बाबांनीच मला सांगितलं होतं. दिवसभर कापसात राबायचं आणि संध्याकाळी कापसाच्याच भावावर पैसे लावायचे. जुगाराबद्दल तुझं मत बदलावं असं मला वाटतही नाही. मीसुद्धा एवढ्या वर्षांत एक डॉलर लावलेला नाही. पण या जुन्या हॉटेलांत जुगार खेळणाऱ्यांपेक्षा राबणारी माणसं मी जास्त पाहिली, आणि ती तुमच्यासारखी होती.

हे गाव मुळात रेल्वेचं ठाणं. १९०५ साली वाळवंटात जमिनीचा लिलाव झाला आणि वस्ती उभी राहिली. पहिलं हॉटेल १९०६ चं, ते आजही गोल्डन गेट या नावाने चालतं. गावातला पहिला फोन १९०७ मध्ये तिथेच लागला आणि नंबर होता '१'. पुढे १९३१ साली या राज्याने जुगाराला कायद्याने परवानगी दिली. त्याच वर्षी जवळ कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचं काम निघालं, म्हणजे पगार हातात असलेले हजारो मजूर शेजारी येऊन राहिले. बाबा, गिरण्यांभोवती आकड्याचे अड्डे कसे बसले ते तुम्हाला सांगायला नको.

आता ज्याला स्ट्रिप म्हणतात, त्या हमरस्त्यावरचं पहिलं मोठं हॉटेल एल रांचो व्हेगास, १९४१ चं. ते १९६० मध्ये जळालं. फ्लेमिंगो डिसेंबर १९४६ मध्ये उघडलं, बग्सी सीगल नावाच्या गुंडाने. सहा महिन्यांत त्याला लॉस एंजेलिसजवळ बेव्हर्ली हिल्समध्ये गोळ्या घातल्या. सिनेमावाल्यांना हेच आवडतं, मला त्यात फारसा रस नाही. त्या पैशाला माफियाचा वास होता हे खरं. पण जेवण कोणी रांधलं, चादरी कोणी धुतल्या, हे कोणी विचारत नाही.

मग पन्नासच्या दशकात रांगच लागली. डेझर्ट इन, सँड्स, सहारा, रिव्हिएरा, ड्यून्स, स्टारडस्ट. यातली बहुतेक आता नाहीत. ड्यून्स १९९३ मध्ये पाडलं, तिथे बेलाजिओ आहे. सँड्स १९९६ मध्ये पाडलं, तिथे व्हेनेशियन आहे. स्टारडस्ट २००७ मध्ये. इथली माणसं पत्ता सांगताना अजून म्हणतात, "जुन्या ड्यून्सच्या तिथे वळा." आपण नाही का मॉलच्या दारात उभं राहून फिनिक्स मिल म्हणत!

बाबा, एक गोष्ट मात्र तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. त्या काळात सॅमी डेव्हिस ज्युनियर, नॅट किंग कोल असे काळे कलाकार या हॉटेलांत गायचे. हॉल भरायचा, टाळ्या पडायच्या. पण खेळ संपला की त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. रेल्वे रुळांपलीकडे वेस्टसाइड नावाची काळ्यांची वस्ती होती, तिथे जाऊन झोपायचं. मे १९५५ मध्ये वेस्टसाइडजवळ मुलाँ रूज नावाचं हॉटेल उघडलं. तिथे गोरे-काळे एकत्र बसायचे, खायचे, नाचायचे. वर्ष संपायच्या आत ते बंद पडलं. पण २६ मार्च १९६० ला त्याच बंद हॉटेलात पुढारी, हॉटेलमालक आणि काळ्यांच्या संघटनेची माणसं बसली. रस्त्यावर मोर्चा निघणार होता, तो टाळायला मालकांनी भेदभाव सोडायचं कबूल केलं.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला गिरणीतलं तुमचं साचेखातं, म्हणजे मागांचं खातं, आठवलं. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, म्हणून दलित कामगारांना साच्यावर घेत नसत. उष्टं सूत कोण तोंडात घेणार? बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला, हे तुम्ही मला आठवीत असताना सांगितलंत. शाळेच्या पुस्तकात ते नव्हतं. मुलाँ रूजची गोष्टही मला इथे टुरिस्ट बसमधल्या कोणी सांगितली नाही, आमच्या लिनन रूममधल्या म्हाताऱ्या सुपरवायझरने सांगितली. तिची आई त्याच वस्तीत राहून हॉटेलांत खोल्या झाडायची.

आता संप. जुन्या फ्रंटियर हॉटेलात २१ सप्टेंबर १९९१ ला कामगार बाहेर पडले. साडेपाचशे माणसं. भांडीवाले, वाढपी, खोल्या आवरणाऱ्या बायका. मालक हटेना. हे लोक वाळवंटातल्या त्या उन्हात, रात्री-अपरात्री, चोवीस तास हॉटेलाच्या दारात पाळ्या लावून उभे राहिले. किती दिवस? सहा वर्षं आणि चार महिने. बाबा, एकही माणूस फुटून आत गेला नाही. एकही नाही. शेवटी हॉटेल दुसऱ्याने विकत घेतलं आणि १ फेब्रुवारी १९९८ ला माणसं कामावर परतली. त्यांना पगार, पेन्शन, आजारपणाचा खर्च मिळाला. मी ज्या युनियनची सभासद आहे, लोकल २२६, तिचाच हा संप. आमच्या युनियनच्या सभेत आजही जुनी माणसं उठून तो सांगतात, आणि दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या गिरणी संपाचा पहिला दिवस, १८ जानेवारी १९८२, येतो. मी सहा वर्षांची होते. अडीच लाख माणसं घरी बसली होती, आणि तुमचा भोंगा वाजला नाही म्हणून चाळीत कोणाला वेळ कळत नव्हती. तुमचा संप तर कोणी मागे घेतलाच नाही. तो तसाच राहिला.

फ्रंटियरही २००७ मध्ये पाडलं. पण लढून मिळवलेलं पडलं नाही. म्हणून आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. याच वर्षी जुलैमध्ये मिराज बंद झालं. १९८९ चं, दारात ज्वालामुखी पेटायचा ते. तीन हजारांवर माणसं होती. त्यांना मिळून साधारण आठ कोटी डॉलर द्यावे लागले, किती वर्षं काम केलं त्या हिशोबाने. ट्रॉपिकानाच्या माणसांनाही पैसे मिळाले. ती फिलिपिनो बाई आता आमच्याकडेच आहे, सातव्या मजल्यावर. सगळ्यांचं चांगलं झालं असं नाही. साठीच्या पुढच्यांना नवी जागा कोण देतो! काही जण मुलांकडे गेले. एक आचारी, यांचा मित्र, अजून घरीच बसून आहे, सकाळी पाचला उठतो आणि करायला काही नसतं म्हणून अंगण झाडतो. बाबा, तुम्ही ८३ साली चाळीचा जिना झाडायचात. मला तेव्हा लाज वाटायची. ते चुकलं माझं.

इथे पाडलेल्या हॉटेलांच्या दिव्यांच्या पाट्या जपणारं एक संग्रहालय आहे, निऑन म्युझियम. गंजलेली, काचा फुटलेली अक्षरं उघड्या अंगणात ठेवलेली असतात. स्टारडस्टची अक्षरं आहेत. मुलाँ रूजची लपेटदार पाटी आहे. ती बेटी विलिस नावाच्या बाईने काढलेली, तिनेच १९५९ ची 'वेलकम' वाली प्रसिद्ध पाटी केली. आत शिरायची जागा म्हणजे ला कोंचा मोटेलची शिंपल्यासारखी लॉबी, आठ तुकडे करून हलवून आणलेली. तिचा आर्किटेक्ट पॉल विल्यम्स काळा होता. गोरी गिऱ्हाइकं शेजारी बसायला कचरायची, म्हणून तो टेबलाच्या पलीकडे बसून त्यांना सरळ दिसेल असं उलटं चित्र काढायला शिकला. त्या पाट्यांमधून फिरताना रात्री मला आपल्या गिरण्यांच्या चिमण्या आठवतात. मॉलच्या काचांमागे एखादी अजून उभी आहे, पण तिच्याखाली कोण राबलं ते कुठे लिहिलेलं नाही.

आणि इथल्या विद्यापीठाने आणखी एक काम केलं आहे. म्हाताऱ्या वाढप्यांना, नाचणाऱ्या बायकांना, पत्ते वाटणाऱ्यांना बसवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलंय. कुठे जन्मलात, पहिल्या दिवशी काय काम दिलं, पगार किती होता, साहेब कसा होता. मी ग्रंथालयात बसून त्यातलं एका खोल्या आवरणाऱ्या बाईचं बोलणं वाचलं आणि मला रडू आलं, कारण माझ्या बाबांचं असं काहीच माझ्याकडे नाही.

म्हणून माझं मागणं आहे. चिमीला मी सगळं समजावलंय. रविवारी दुपारी तुमची झोप झाली की ती मोबाइल समोर ठेवेल. कॅमेरा नको असेल तर नुसता आवाज. तुम्ही म्हणाल, माझ्यात काय सांगण्यासारखं आहे. बाबा, कालच मी नवीन चादरींचा गठ्ठा सोडला. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर 'मेड इन इंडिया' होतं. मी तुमच्यासारखं अंगठा आणि बोटात कापड चोळून बघितलं आणि मला त्यातलं काहीच कळलं नाही. तुम्हाला डोळे मिटूनही कळायचं.

आई, तुझंही हवं आहे. संपात तू बारा जणांची खाणावळ चालवलीस. किती माणसांचे पैसे शेवटपर्यंत आले नाहीत, तरी तू ताट मागे घेतलं नाहीस, हे मला आत्याने सांगितलं, तू कधी बोलली नाहीस.

पहिल्या रविवारी इतकंच सांगा: बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात पहिल्यांदा उभे राहिलात तेव्हा तुम्हाला कोणी आत घेतलं, कुठल्या पाळीला घेतलं, आणि पहिल्या पगारातून काय आणलंत? आई, ते आणलेलं तुला आवडलं होतं का?

दोघांनी गोळ्या वेळेवर घ्या. विहिरीच्या पायऱ्या आता निसरड्या असतील, बाबांना एकट्याने जाऊ देऊ नकोस.

तुमची
बेबी