माहिती महासंचालकांना खुलं पत्र: पत्रकार कोण ते माईक बघून ठरवू नका

मा. महासंचालक,
माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी पुण्यात सिंहगड रोडला राहतो, बरीच वर्षं पेपरच्या डेस्कवर काढली आणि आता स्वतःचा ब्लॉग लिहितो, म्हणजे दोन्हीकडचा माणूस आहे. हल्ली कुठलीही पत्रकार परिषद बघा, पुढे रंगीबेरंगी बूम (चॅनेलचे माईक) घेतलेली मंडळी, मागे पेपरवाले, आणि कोपऱ्यात कुणीतरी कुरकुरत असतं की यातले खरे पत्रकार किती? प्रश्न बरोबर आहे हो, पण उत्तर भलतीकडे शोधतात. अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेचं कार्ड) आहे का, गाडीवर प्रेसचा स्टिकर आहे का, छापील पेपर आहे की नुसतं यूट्यूब चॅनेल. माझ्या मते यातलं काहीच बघायचं नसतं, माणसाने काम काय केलंय ते बघायचं.

पावसाळ्यातलंच घ्या. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो, "आत्ताची सर्वात मोठी बातमी, इतके हजार क्युसेक सोडले, नदीकाठच्यांनी ताबडतोब घरं सोडा". आत्ताची म्हणजे कधीची? तारीख नाही, वेळ नाही, मागच्या वर्षीचा मेसेज कुणी परत ढकलला असला तरी कळायला मार्ग नाही. तीच बातमी बीटवरचा पोरगा (तो विषय नेमून दिलेला बातमीदार) करतो तेव्हा आधी पाटबंधारेला फोन लावतो, आकडा घेतो, विसर्ग किती वाजता वाढवला ते विचारतो, नदीपात्रातला भिडे पूल बंद केलाय का ते पोलिसांना विचारतो, आणि मग कॉपी डेस्कवर येते तिथे कुणीतरी खडूस उपसंपादक बसलेलाच असतो, "हे कोण म्हणालं? नाव कुठंय?" (तो खडूस बऱ्याचदा मीच असायचो.)

२५ जुलै २०२४ ला आमच्याच रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं. आधी नीट सांगितलंच नाही अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. आता या तक्रारीचं काय करायचं? पाणी कधी सोडलं, निरोप कुणी कुणाला दिला, तो खालपर्यंत पोचला का, हे पाटबंधारे, महापालिका आणि रहिवासी असं तिघांनाही विचारून वेळांचा ताळा लावायचा, ही पत्रकारिता. मी घरी बसून "प्रशासन झोपा काढत होतं" असं लिहिलं तर ते माझं मत. कदाचित खरंही असेल, पण मी कुणालाच फोन केलेला नाही हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. पेपरात ते "संपर्क होऊ शकला नाही" असं वाक्य असतं ना, लोक हसतात त्याला, पण निदान फोन लावलेला असतो.

आणि मत लिहिणं म्हणजे काही कमी दर्जाचं काम नाही, पुण्यात तरी असं कुणी म्हणू नये. १८८१ ला इथे केसरी निघाला, आगरकर पहिले संपादक, आणि त्यातल्या लेखांवरूनच १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ती मतंच होती की. पण जबाबदारी स्वतःवर घेतली, "फॉरवर्ड ॲज रिसीव्ह्ड" म्हणून हात झटकले नाहीत. मत मांडायला तर कुठलं कार्डही लागत नाही, बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य देणारं संविधानाचं १९(१)(अ) पत्रकाराला जेवढं आहे तेवढंच चहावाल्याला आहे.

पेपरच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक टायपात एक ओळ असते, मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, संपादक अमुक, छापलं कुठे. छापखाने आणि पेपरांच्या १८६७ च्या कायद्यापासून चालत आलेली. तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला. वाचत ती ओळ कुणीच नाही, पण बातमीने वांधा झाला तर कुणाच्या दारात जायचं हे तिच्यावरून कळतं. अर्ध्याअधिक पोर्टलवर संपादकाचं नाव शोधून दाखवा, नुसता एक मोबाईल नंबर, तोही जाहिरातीसाठी!

उलट बाजूही आहे. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्याने २०१७ ला कायदा केला, चांगलंच केलं, पण त्यात पत्रकार कोण हे मुख्यतः नोकरी नाहीतर करार यावरून ठरतं. एखादी बाई एकटीने पोर्टल चालवते, माहिती अधिकारात कागद काढते, दोन्ही बाजू छापते, चुकलं तर दुरुस्ती टाकते, तिला मार बसला तर ती यात बसवायची म्हणजे वकिलाची कसरत. आणि प्रेसनोट जशीच्या तशी चिकटवणारा आरामात बसतो.

म्हणून एवढंच मागतोय. निमंत्रणाची यादी करताना माध्यम बघू नका, जबाबदार संपादकाचं नाव, पत्ता आणि दुरुस्ती छापायची पद्धत आहे का ते बघा. तुमच्या खात्याचे पैसे घेऊन कुणी व्हिडिओ केला तर त्यावर "जाहिरात" असं ठळक दिसलं पाहिजे, खाली डिस्क्रिप्शनमध्ये लपवून नाही. आणि पुण्याच्या जिल्हा माहिती कार्यालयाला सांगा की विसर्गाची प्रत्येक प्रेसनोट तारीख, वेळ आणि अधिकाऱ्याच्या नावासकट काढा, पुढच्या पावसाळ्याच्या आधी झालं तर बरं.

आपला,
सिंहगड रोडवरचा एक ब्लॉगवाला