पेन्शनचा अर्ज नामंजूर झालेल्या सभासदांसाठी सूचना

सर्व सेवानिवृत्त सभासदांना कळविण्यात येते की, कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खालील ज्यांचा '१०-डी' अर्ज नामंजूर झाला आहे, त्यांनी येत्या रविवारी सकाळी १० वाजता संघाच्या परळ कार्यालयात नामंजुरीचे पत्र, आधार कार्ड, बँक पासबुक व सेवेचे दाखले घेऊन यावे.

नामंजुरीचे कारण नीट वाचल्याशिवाय नवा अर्ज करू नये. आधारवर 'दत्तात्रय' आणि कंपनीच्या नोंदीत 'दत्तात्रेय', एवढ्या एका मात्रेवरूनही अर्ज अडतो. जुन्या कंपनीतील सेवा जोडलेली नसल्याने पेन्शनसाठी लागणारी सेवेची १० वर्षे भरत नसतील, तर आधी ती जोडून घ्यावी.

भविष्य निर्वाह निधी संघटनेचे 'निधी आपके निकट' शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला भरते. तेथे द्यायची लेखी तक्रार आम्ही लिहून देऊ. ज्यांना जिना चढवत नाही, त्यांनी घरच्यांना पाठवावे.

– चिटणीस