वखारीच्या चोपड्या रद्दीत घालू नका

महोदय,

सह्याद्री बोडका कोणी केला यावर आपल्या अंकात आलेली वाचकांची पत्रे वाचली. बहुतेकांनी बोट दाखवले आहे इंग्रजांकडे. ते खोटे नाही. १८६३ मध्ये भोर घाटातून आगगाडी सुरू झाली, आणि मैलभर रुळांखाली दोन हजारांच्या आसपास लाकडी स्लीपर लागत. मात्र डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे सांगणारा अलेक्झांडर गिब्सनही इंग्रजांच्याच चाकरीत होता. आधी आपल्या दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक, १८४७ पासून मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक.

असो. माझे वडील काही इंग्रज नव्हते. नाना पेठेत आमची कोळशाची वखार होती. मुळशी, वेल्हे, भोरकडून पोती यायची. ऐनाच्या लाकडाचा कोळसा हातात घेऊन वाजवला की खणखणायचा, त्याला भाव जास्त. रानात लाकडे रचून वर पालामाती लिंपायची आणि भट्टी दिवसचे दिवस धुमसत ठेवायची. चार-पाच किलो लाकडामागे किलोभर कोळसा. गिऱ्हाईक म्हणजे सदाशिव-नारायणातल्या शेगड्या, न्हाणीतले बंब, इस्त्रीवाले. उरलेल्या भुकटीचे आई शेणात कालवून गोळे थापायची. माझी फी त्यातूनच भरली गेली, म्हणून हे लिहिताना जरा अवघडायला होते.

वडिलांच्या चोपड्या अजून माळ्यावर आहेत. एका गावाची पोती पाच-सहा दिवाळ्या येतात, मग ते नाव गायब. पुढच्या पानावर त्याच्याही आतले गाव. गेल्या वर्षी वेल्ह्याकडच्या अशाच एका गावी गेलो होतो. देवराई तेवढी उभी. तिथल्या आजोबांना विचारले, बाकीचे रान कुठे गेले? म्हणाले, "तुमच्या पुण्यालाच की."

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात गावोगाव हिंडून देवरायांची नोंद केली. म्हणजे राहिले त्याची नोंद झाली. तुटले त्याची मात्र आमच्यासारख्यांच्या माळ्यावर, मोडी लिपीत आणि मणांच्या हिशेबात पडून आहे. भवानी पेठेत, नाना पेठेत जुने वखारवाले अजून आहेत. त्यांना विनंती, दिवाळीच्या साफसफाईत या चोपड्या रद्दीवाल्याला देऊ नका. एखाद्या महाविद्यालयाने मागितल्या तर माझ्या अकराच्या अकरा मी स्वतः रिक्षाने पोचवीन. मोडी वाचणारा मात्र त्यांनी शोधावा, माझे डोळे आता साथ देत नाहीत.

— एका वखारवाल्याचा मुलगा, नाना पेठ, पुणे