राजाच्या डोक्यावरचा मंत्री

पॅरिस

ती. आबांस सा. न. वि. वि.

परवा व्हर्साय पाहून आलो. आरसेमहालाचे फोटो दादाच्या फोनवर धाडलेत, ते बघा. तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. इथे कौंट मोर्पा नावाचा एक फ्रेंच मंत्री होऊन गेला, तुम्ही त्याच्यावर तासभर बोलला असता.

घराणं फेलिपो, पिढ्यान्पिढ्या राजाचे सचिव. १७१५ साली बापाला पद सोडावं लागलं, तेव्हा ते चौदा वर्षांच्या पोराच्या नावे झालं, थेट आपल्याकडच्या कुलकर्णी वतनासारखं! कारभार सुरुवातीला पुढे सासरा झालेल्या गृहस्थानं पाहिला. १७२३ पासून आरमार याच्याकडे, आणि तिथलं काम मात्र चोख. जहाजबांधणीत शास्त्र जाणणारी माणसं आणली. पृथ्वीचा आकार ठरवायला १७३५ मध्ये पेरूकडे आणि पुढच्याच वर्षी लॅपलंडला मोजणीची पथकं धाडली.

पण जीभ तिखट. १७४९ मध्ये राजाची लाडकी मादाम द पोंपादूर हिच्यावर एक चावट कवन फिरलं, संशय याच्यावर आला, आणि पंधराव्या लुईनं दरबाराबाहेर काढलं. पुढची पंचवीस वर्षं तसाच बसून.

१७७४ मध्ये सोळावा लुई गादीवर आला, विशीही पुरी न झालेला. त्यानं या बहात्तरीच्या म्हाताऱ्याला सल्ल्याला बोलावलं. खातं एकही नाही, पण राहायला राजाच्या बरोबर वरच्या खोल्या, आतल्या जिन्यानं जोडलेल्या. मी त्या पाहिल्या: बुटकं छत, पांढरं-सोनेरी लाकूडकाम. आधी तिथे मादाम द्यु बारी राहायची, पंधराव्या लुईची शेवटची प्रेयसी. एकीपायी गेलेला माणूस दुसरीच्या खोल्यांत परतला!

माझं मत विचाराल तर इथून पुढे त्यानं फक्त खुर्ची सांभाळली. अर्थमंत्री तुर्गोला यानंच पुढे आणलं. तुर्गोनं वेठबिगार बंद करायला घेतली, सरदार खवळले, तर १७७६ मध्ये यानंच त्याला वाऱ्यावर सोडलं. नंतर खजिना सांभाळणाऱ्या नेकरचंही तेच. मोर्पा १७८१ मध्ये मेला तो पदावरच.

आणि तुमचा तो फ्रेंच दूत सेंट लुबिन, १७७७ मध्ये नाना फडणवीसांनी पुण्यात ज्याची बडदास्त ठेवली आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली, तो याच राजवटीतल्या आरमारमंत्री सार्तीनचा माणूस. नाना असते तर तुर्गोला सांभाळलं असतं, असं तुम्ही म्हणाल. मला तशी खात्री नाही. सविस्तर उत्तर लिहा.

सौ. आईस सा. न. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा.

आपला,
बाळू