रिपोर्ट चांगले, पण आईची झोप?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दुर्मीळ आजारांचा विषय निघाला की औषधांच्या किमतीवर बोललं जातं. तो प्रश्न खराच आहे. मला मात्र आजारी मुलांच्या आयांच्या झोपेबद्दल लिहायचं आहे.

माझ्या नातीला ग्लायकोजेन साठवणुकीचा आजार आहे, टाइप १ए. यकृतात साखर साठते, पण एका एन्झाइमअभावी ती रक्तात परत येत नाही. पोट काही तास रिकामं राहिलं की रक्तातली साखर धोक्याइतकी उतरते. त्यावर उपाय म्हणजे गार पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लोअर. ते हळूहळू पचतं, म्हणून साखर टिकते. शिजवलं की तो गुण जातो. १९८४ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि अशा मुलांचं आयुष्यच पालटलं. पण लहान वयात ते दर तीन-चार तासांनी द्यावं लागतं, रात्रीसुद्धा. एखादी वेळ चुकली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं.

माझी लेक गजराच्या आधीच जागी होते. काट्यावर ग्रॅम मोजते, पेंगुळलेल्या पोरीला बसतं करून घोट घोट पाजते, तळाशी बसलेलं पीठ पाणी घालून परत पाजते. मग तिचा डोळा लागत नाही. नोकरी केव्हाच सुटली. नातीलाही फळं, दूध, गोडधोड यांवर बंधन. वर्गात सगळ्यांदेखत तो पांढरा ग्लास प्यायला ती लाजते. तपासणीत साखर, लॅक्टेट (रक्तातलं एक आम्ल), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) सगळं बघतात. ‘तू किती झोपतेस?’ असं माझ्या लेकीला आजवर एकाही डॉक्टरने विचारलेलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते चांगले रिपोर्ट तिच्याच जागरणांवर उभे आहेत.

माझी विनंती एवढीच, की आईबरोबर घरातल्या आणखी एकाला तरी दवाखान्यानेच सगळं शिकवावं: मोजमाप, साखर तपासणं, आणि उलट्या सुरू झाल्या की वाट न बघता ग्लुकोजच्या सलाइनसाठी निघणं. मी या वयात शिकले. शनिवारची रात्र आता माझी असते. सुरुवातीला लेक दारात येऊन बघायची, आता सकाळपर्यंत झोपते. आणि तपासणीच्या कागदावर मुलाच्या वजन-उंचीशेजारी सांभाळणाऱ्याच्या झोपेचाही एक रकाना असावा.

आपली,
एक आजी