मेटलची मैफल शेवटपर्यंत ऐकून मग लिहावे

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी बँडच्या जाहीर कार्यक्रमांवर जो लेख आला आहे, त्यात मेटल या रॉकच्या जोरकस प्रकाराच्या संगीताची बोळवण ‘कर्कश वाद्ये आणि निरर्थक किंचाळणे’ अशा एका वाक्यात केली आहे. ते वाचून मनापासून वाईट वाटले, म्हणून हे पत्र. प्रोग्रेसिव्ह मेटल ही या संगीताची शाखा दहा-दहा मिनिटांच्या, अनेक भागांत बांधलेल्या रचनांवर उभी आहे, आणि त्या रंगमंचावर कशा उभ्या राहतात हे मी स्वतः सुमारे तीन तास बसून ऐकले आहे.

तो ५ एप्रिल २०१०, ईस्टरचा सोमवार होता. नोकरीनिमित्त मी तेव्हा लंडनमध्ये होतो, आणि स्टॉकहोमच्या ओपेथ या बँडने आपल्या विसाव्या वर्षानिमित्त रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. १८७१ मध्ये उघडलेले हे घुमटाचे सभागृह आवाजाच्या बाबतीत इतके अवघड होते, की प्रतिध्वनी आवरण्यासाठी १९६९ मध्ये छतापासून फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगाव्या लागल्या. अशा जागी दोन इलेक्ट्रिक गिटार, बास (खर्जातली गिटार), ड्रम आणि कीबोर्ड एकदम जोरात वाजू लागले की सगळ्याचा काला होण्याची भीती असते. माझी जागा बरीच वर होती, तरीही बँडमधल्या मार्टिन मेंडेझचा बास मला गिटारांपासून वेगळा काढता येत होता. वादक एकमेकांना जागा देत वाजवत असल्याशिवाय हे होत नाही.

पूर्वार्धात त्यांनी ‘ब्लॅकवॉटर पार्क’ हा २००१चा अल्बम पहिल्या रचनेपासून शेवटच्या रचनेपर्यंत, क्रम न बदलता वाजवला. यातली पहिलीच रचना दहा मिनिटांची आहे. ती अंगावर येते, मध्येच ओसरते, पुन्हा उसळते आणि अखेरीस एकट्या पियानोवर येऊन थांबते. लेखात ज्याला किंचाळणे म्हटले आहे, त्याला या संगीतात ग्रोल म्हणतात. स्वरतंतूंच्या वर ज्या घड्या असतात त्या कंपित करून, पोटातून श्वास लावून तो खर्जातला घोगरा आवाज काढावा लागतो. नुसते ओरडणाऱ्याचा घसा अर्ध्या तासात बसेल. मिकाएल ओकरफेल्ट हा गायक-गिटारवादक एकाच रचनेत त्या आवाजातून अगदी स्वच्छ, हळव्या स्वरात येतो आणि परत जातो. हे त्याला स्टुडिओतच नव्हे, तर गिटार वाजवता वाजवता, समोर भरलेले सभागृह असताना साधते. गायनाची जाण असलेल्या आपल्या वाचकांना यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

तिसरी रचना संथ आहे आणि तिच्यात ग्रोल औषधालाही नाही. ती चालू असताना माझ्या शेजारचा तरुण (काळा टी-शर्ट, मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले) दोन्ही हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसला होता. शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत त्याने टाळी वाजवली नाही. पेपरात ज्यांना हुल्लडबाज म्हटले जाते, त्या श्रोत्यांतलाच तो एक होता.

उत्तरार्धात १९९५च्या पहिल्या अल्बमपासून २००८च्या अल्बमपर्यंत, उरलेल्या आठही अल्बममधली एकेक रचना कालक्रमाने झाली, आणि एका बँडची जडणघडण एका बैठकीत ऐकायला मिळाली. पुढे २०११च्या अल्बमपासून ओकरफेल्टने ध्वनिमुद्रणात ग्रोल सोडला, तो थेट २०२४च्या अल्बममध्ये परत आला. त्यामुळे ती रात्र मला आता अधिकच मोलाची वाटते.

आवाजाच्या पातळीविषयी लेखकांनी घेतलेला आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडच्या आयोजकांनी ती पाळावी आणि प्रवेशद्वारावर कानांत घालायचे बोळे द्यावेत. मी त्या दिवशी ते घातले होते आणि त्याने संगीत काही कमी ऐकू आले नाही. पण आवाज मोठा आहे हा एक मुद्दा झाला आणि संगीत निरर्थक आहे हा दुसरा. लेखात दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

माझी विनंती एवढीच आहे, की शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला आपण जसा जाणकार समीक्षक पाठवता, तसाच असा बँड मुंबईला किंवा पुण्याला येईल तेव्हाही पाठवावा आणि त्याने पहिल्या दोन गाण्यांनंतर न उठता कार्यक्रम संपेपर्यंत बसावे. लंडनच्या त्या कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आहे. लेखक महोदयांना तेवढा वेळ नसेल, तर त्यांनी निदान पहिली रचना पियानोपर्यंत ऐकावी आणि आपले मत पुन्हा एकदा आपल्याच पुरवणीत लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे